मोडकी हायब्रिड गाडी कुणाच्या नावे

मी, माया देवराव सोमकुवर, वय ६६ वर्षे, निवृत्त तंत्रज्ञ, राहणार नारा रोड, नागपूर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हृदय कमकुवत आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहा असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नका असे मात्र दोघांनी सांगितले.

१) नारा रोडवरचे राहते घर माझा मुलगा अंकुश याला द्यावे. हे घर माझ्या कोराडीच्या वीज केंद्रातल्या नोकरीवर आणि माझे पती देवराव यांच्या एसटीच्या नोकरीवर उभे राहिले. एकतीस वर्षे त्यांनी बस चालवली, एकही अपघात केला नाही. घराला अट एकच: अंगणातली मोडकी पिकअप ग्राहक आयोगाचा निकाल लागेपर्यंत जागेवरून हलवायची नाही. तिच्यामुळे फाटक अर्धेच उघडते हे मला ठाऊक आहे. उघडू दे अर्धेच.

२) ती पिकअप माझी सून रोशनी हिला द्यावी. मुलाला का नाही, ते सांगते.

ही गाडी घरी प्लग लावून चार्ज होते आणि चार्ज संपला की पेट्रोलवर चालते. २०२२ साली मी ती माझ्या नावे घेतली. निवृत्तीनंतर आम्ही दोघे सावनेर-काटोलकडच्या गावांत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचो. शेतात वीज नसली तर गाडीच्याच सॉकेटमधून वीज घेऊन मी मोटर तपासायचे. गाडी देवराव चालवायचे, मोटर मी उघडायचे. संसारातली ती दोन वर्षे सगळ्यांत चांगली गेली.

२०२४ च्या जुलैत गाडीच्या पडद्यावर 'हायब्रिड यंत्रणा तपासा' असे येऊ लागले. देवराव तीन वेळा गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिन्ही वेळा त्यांनी कॉम्प्युटर जोडला, संदेश पुसला आणि गाडी परत दिली. "नवीन टेक्नॉलॉजी आहे, काका, ओलाव्यानं होतं," म्हणाले. तिन्ही जॉबकार्डे निळ्या फाइलमध्ये आहेत.

२१ ऑगस्टला मी तापाने घरी होते. देवराव एकटेच निघाले. कोराडी रोडच्या उड्डाणपुलावर गाडी एकदम बंद पडली. बॅटरीचा संपर्क तुटला, आणि पेट्रोलचे इंजिन त्याच बॅटरीवर सुरू होते, त्यामुळे तेही चालले नाही. मागून डंपर आला. दवाखान्यात ते दोन दिवस होते. शुद्ध होती तोवर एकच सांगत राहिले, "म्या ब्रेक नाही मारला वं, माया. गाडीच बंद पडली."

कंपनीने अहवालात लिहिले: चालकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, चालकाचा निष्काळजीपणा.

रोशनी मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचे काम करते. चार रविवार आम्ही सासू-सुना रबरी हातमोजे घालून गाडीखाली पडून होतो. मागच्या चाकाजवळ मोठ्या केबलचा जोड आहे. त्याचे रबर तडकलेले होते, आत पाणी शिरून तांबे हिरवे झाले होते. आम्ही काही काढले नाही, फक्त फोटो काढले. मग वर्धा, अमरावती, भंडारा इथले सहा गाडीमालक शोधले. सहाही जणांच्या पडद्यावर तोच संदेश येत होता. यंदा कंपनीने सगळ्यांचे जोड फुकट बदलून दिले, 'ग्राहकांच्या सोयीसाठी' म्हणे. अहवाल मात्र तसाच ठेवला.

मार्चमध्ये कंपनीचे कृष्णकांत नावाचे साहेब घरी आले. तक्रार मागे घ्या, मोडकी गाडी आम्हाला द्या, नवी कोरी गाडी घ्या, असे म्हणाले. मी नाही म्हटले. पण मी तपासणीला दवाखान्यात गेले त्या दिवशी अंकुशने क्रेन बोलावली. मी ऑटोतून उतरले तेव्हा साखळी लागली होती. मी सरळ गाडीत जाऊन बसले.

अंकुश म्हणाला, "आई, बाबा तर वापस येत नाहीत. काहून अडून बसली?"

"तुह्या बाबाले मेल्यावर निष्काळजी ठरवलं त्यायनं. तुले चालत असन, मले नाही चालत."

क्रेन रिकामी गेली. अंकुश दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मी त्याला लोभी समजत होते. नंतर रोशनीने सांगितले की तो रोज मागच्या दाराने जातो-येतो, कारण ती गाडी त्याच्याने बघवत नाही. म्हणून घर त्याला, आणि गाडी जी तिच्याकडे बघू शकते तिला. अंकुश, यात शिक्षा नाही रे.

३) आयोगापुढची तक्रार माझ्यानंतर रोशनीने चालवावी. तडजोड करायची तर एकाच गोष्टीवर: अहवालातले ते वाक्य खोडून 'चालक देवराव सोमकुवर यांची चूक नव्हती' असे कंपनीने लिहून द्यावे. गाडी, रोख, माफीचा गुच्छ, काही घेऊ नये.

४) माझी हत्यारे रोशनीने ठेवावीत. दुहेरी असलेली आयटीआयमधल्या एखाद्या मुलीला द्यावीत. मुलगीच. नोकरीत पहिली पाच वर्षे मी पाना मागितला की मला चहा करायला सांगत.

५) बँकेतली शिल्लक अंकुश आणि रोशनी दोघांत निम्मी.

६) माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. माझ्यामागे बुद्धवंदना व्हावी, बाकी कर्मकांड नको. कंपनीकडून हार आला तर फाटकातूनच परत पाठवावा.

७) या सगळ्याची अंमलबजावणी माझ्या वकील हिमानी दाणी यांनी करावी.

हे लिहीत असतानाच कृष्णकांत साहेबांचा फोन आला. "ताई, सोमवारच्या आधी तडजोडीवर सही करून टाका. तुमच्याच जिवाला आराम."

मी म्हटले, "नऊ डिसेंबरले आयोगात तारीख आहे. मी राहिली तर मी येईन, नाही राहिली तर रोशनी येईल. अन् ती तर मलेही ऐकत नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी खाली सही करते.

माया देवराव सोमकुवर
नागपूर, शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

मायाबाईंनी आमच्या दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. मार्तंड बोंद्रे, शेजारी
२. यमुताई शेंडे, निवृत्त परिचारिका