पान चौतीस, कडू करांदा

सोमवार, २० नोव्हेंबर

पुस्तिका आली! भारतीय वनस्पती विद्वत्परिषद, दिल्ली. देशभरच्या विद्वानांची परिषद, आणि पुस्तिकेत कोण तर आमच्या कर्जत-खालापुरातल्या रानभाज्या आणि कंद! मागच्या पानावर मदतनिसांच्या यादीत मी – सौ. हर्षला म्हसे, कशेळे. तीनदा वाचलं.

गेल्या जानेवारीत झेरॉक्सचं दुकान नवऱ्याच्या, राजेशच्या गळ्यात टाकून वाड्यावाड्या पालथ्या घातल्या होत्या. एकेका कंदाची, भाजीची माहिती विचारून परिषदेचे सत्तावीस फॉर्म भरले, एकावर खाडाखोड नाही. परिषदेचे पुण्याचे किरण सर म्हणालेही होते, "ताई, इतकं स्वच्छ काम कुणाचंच नाही."

मग पान चौतीस उघडलं. कडू करांदा. "कंद उकडून खातात." बस्स! एवढंच! राख कुठे गेली? ओढा कुठे गेला? पातळ चकत्या करायच्या, राख घातलेल्या पाण्यात उकडायच्या, मग पाटीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो तोंडात घालण्यासारखा होतो. नुसता उकडून खाल्ला तर उलट्या. लहान पोर असेल तर थेट दवाखाना.

आणि खाली ठळक अक्षरात – "माहिती : मोतीबाई, ठाकूरवाडी." फोटोसकट. शेवटच्या पानावर शाळांसाठी सूचना – "हे पदार्थ मुलांसोबत करून पाहा." दोन तारखेला कर्जतला कार्यक्रम आहे. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांना वाटणार!

मंगळवार, २१ नोव्हेंबर

किरण सरांना फोन केला. "ताई, तज्ज्ञ समितीनं तपासलंय सगळं." विचारलं, समितीतल्या एकानं तरी करांदा खाल्लाय का? मग म्हणे, "पुढच्या आवृत्तीत बघू." तोवर काय पोरांनी ओकत बसायचं?

राजेश म्हणतो, "तुला काय पडलंय? तुजं नाव तर शेवटच्या पानावर हाय." अरे, म्हणून तर पडलंय!

गुरुवार, २३ नोव्हेंबर

मोतीबाईकडे जाऊन आले. जीपने पायथ्यापर्यंत, पुढे तासभर चढण. म्हातारी अंगणात करांद्याच्या चकत्याच करत बसली होती. आधी फोटो बघून हसत सुटली, "मी येवडी थकलेली हाय व्हय गं?" मग मी ती ओळ वाचून दाखवली.

"मंग बराबर हाय की. उकडूनच खातो आमी."

म्हटलं, अगं राख? ओढा?

"ते काय सांगाया लागतंय? उकडला म्हनलं की त्यात आलंच समदं. नायतर तोंडात कोन धरंल त्याला?"

म्हटलं, तुला-मला माहीत आहे गं. खोपोलीच्या मास्तरणीला कसं कळणार? तेव्हा कुठे तिचा हात थांबला. विळी बाजूला सारली. "कोनाचं पोर पडलं बिडलं तर माज्या नावानं बोंब व्हईल गं. ठाकरनीनं इख घातलं म्हनतील."

माझं डोकंच फिरलं. या बाईच्या नावाला बट्टा? तिने जन्मात कुणाला कच्चं खायला घातलं नसेल! विचारलं, तू तर सगळं सांगितलं होतंस ना? म्हणाली, "सांगितलं असंल. तूच व्हतीस की समोर."

सांगितलं असणारच. जातंय कुठे! या शहाण्यांनी जागा वाचवायला कात्री चालवली. ठाकरीण काय बोलते त्याची किंमत यांना दीड ओळ!

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

दिल्लीला पत्र. ईमेल केलं आणि वर रजिस्टर पोस्टानेही टाकलं, मिळालंच नाही म्हणायला नको. शेवटी ठणकावून लिहिलं – "मोतीबाईच्या मूळ फॉर्मची प्रत मला पाठवा. कुणी काय कापलं ते सगळ्यांना कळू दे."

सोमवार, २७ नोव्हेंबर

उत्तर नाही. विद्वान जेवायला बसले असतील. करांदे सोडून.

बुधवार, २९ नोव्हेंबर

वाट बघत बसणारी मी नाही. दुकान कुणाचं? माझं! सहाशे चिठ्ठ्या काढल्या. वर राख, ओढा, सगळी कृती नीट. खाली – "मोतीबाईंनी संपूर्ण कृती सांगितली होती. परिषदेने ती गाळली आहे."

राजेश चिठ्ठ्या कापता कापता म्हणाला, "खालची ओळ नको ना. कृती लिवलीस तेवढी बास हाय." म्हटलं, नाही. चूक ज्याची त्याच्या पदरात घालायची. त्याने कापल्या मात्र सगळ्या, सरळ रेषेत.

शनिवार, २ डिसेंबर

आज जे केलं ते आयुष्यात केलं नव्हतं!

मोतीबाईला सकाळीच खाली आणली. नवं लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत ओढ्यातून काढलेले करांदे, पानाने झाकलेले. हॉलच्या दारात पुस्तिकांचे गठ्ठे होते. मी डिंकाची बाटली काढली आणि टेबलाशी बसले. पान चौतीस, चिठ्ठी, पुढची. पान चौतीस, चिठ्ठी, पुढची.

किरण सर धावत आले. "ताई, परिषदेच्या प्रकाशनाला असं काही चिकटवता येत नाही!" म्हटलं, मग आधी मागच्या पानावरून माझं नाव खोडा, चौतीसवरून हिचं खोडा, आणि मग मला उठवा. शिक्षकांची रांग तुंबली. एक बाई चिठ्ठी वाचून मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, आत्ताच ठरवलं होतं आम्ही, सोमवारी हेच करायचं!" झालं! मग त्याच माझ्या शेजारी बसून चिकटवायला लागल्या.

भाषणं सुरू झाली तशी मी सरळ स्टेजवर गेले. म्हटलं, तुमची परिषद लोकांत आली, चांगलं झालं. पण लोकांचं ऐकायला आलात की लोकांचे फोटो काढायला? या बाईनं सगळं सांगितलं, तुम्ही अर्धं गाळलंत, आणि नाव मात्र तिचं ठेवलंत!

टाळ्या! दिल्लीचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, उठून उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ते खाली उतरले आणि मोतीबाईच्या पाटीतली एक चकती तोंडात टाकली. शांतपणे चावली. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "मूळ कागद मी स्वतः शोधतो. तुम्हाला पाठवतो." माझी एक चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

मोतीबाई जीपमध्ये माझा हात धरून बसली होती. "लय बोललीस गं. माज्या पोटची लेक बी माज्यासाटी येवडं बोलली नसती." रडू आलं मला. येऊ दिलं.

सोमवार, ४ डिसेंबर

कर्जतच्या पेपरात आलं! "कशेळ्याच्या हर्षलाताईंनी विद्वानांना धरले धारेवर." राजेशने कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर लावलं. येईल तो वाचतोय. मी नको नको म्हणते आणि पुसून ठेवते.

शुक्रवार, ८ डिसेंबर

दिल्लीचं पाकीट. वर अध्यक्षांच्या दोन ओळी – पुस्तिका मागे घेत आहोत, सुधारून छापू. आपण मागितलेली प्रत सोबत.

फॉर्म क्रमांक चौदा. कृती – "कंद उकडून खातात." परिषदेने एक शब्द कापलेला नाही. अक्षर माझं. कुठे खाडाखोड नाही.

खाली मोतीबाईचा अंगठा. शेजारी छापील चौकट – "नोंद वाचून दाखवली." त्यात बरोबरची खूण, तीही माझीच.

वाचून दाखवली नव्हती. खाली शेवटची जीप गाठायची होती.

काउंटरवरचं कात्रण काढलं. उद्या पहिल्या जीपने वाडीवर जाते. हा कागद मोतीबाईला वाचून दाखवायला.