महामार्गाचा मध्य आणि मामांचा वाफा

तीर्थरूप मामांना नमस्कार. खुशाली शेवटी विचारते. आधी विचारली की तुम्ही तिथेच वाचन थांबवता. घडलं ते असं:

१. सोमवारी आम्ही महामार्गाचा नवा मध्य मोजला आणि तिथे लाल टोकाची खुंटी ठोकली. जागा: तुमच्या व्याह्यांच्या पंक्चरच्या दुकानासमोर.
२. मंगळवारी सकाळी खुंटी तिथे नव्हती.
३. ती तुमच्या खाणावळीपुढच्या फुलांच्या वाफ्यात होती.
४. आमच्या मोजणी खात्याच्या साहेबांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "मध्य आपोआप घरी आला."
५. साहेब हसले. मी हसले नाही.

मामा, तुमची काळजी मला कळते. दोन्ही टोकांचे बसचालक अर्ध्या वाटेवर भेटतात, गाड्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या गावी परततात. ही अदलाबदल आजोबांपासून आपल्या दारात होते, म्हणून प्रवासी उतरतात आणि म्हणून खाणावळ चालते. खुंटीच्या जागी मध्याचा दगड व्याह्यांच्या दारात बसला की बसही तिकडेच थांबणार, ही तुमची भीती. भीती रास्त आहे. उपाय रास्त नाही.

रस्त्याचा इतिहास मी अहवालासाठी लिहून काढला आहे, तो सांगते. (तुमच्या इतिहासात आजोबा काठी उगारून रस्ता कुठून न्यायचा ते तेव्हाच्या साहेबाला बजावतात. ते मी घेतलेलं नाही.) आधी ही नुसती गाडीवाट होती आणि गाडीवान दलदल टाळायला लांबचा वळसा घालत. पक्का रस्ता झाला तोही त्याच वळशाने, आणि तेव्हा आजोबांच्या दारात बसवलेला दगड बरोबर मध्यावर होता, हे मी छातीठोकपणे सांगते. पुढे दलदलीवर भराव पडला, वळसा गेला. मग पूल झाला, नदीकाठचा फेरा गेला. यंदा तिकडच्या गावातली वळणं टाळून सरळ रस्ता निघाला. म्हणजे तिन्ही वेळा रस्ता नदीकडच्याच टोकाला आखूड झाला. दोरी एकाच बाजूने कापत गेलं की मधली गाठ मधे राहत नाही. तुम्ही जागचे हलला नाहीत. मध्य डोंगराकडे सरकला आणि तिथे नेमके व्याही दुकान टाकून बसलेले आहेत. यात त्यांचा काही कट नाही.

स्कूटरच्या मीटरवर तुम्ही केलेली मोजणीही मी तपासली. तिच्यात पेट्रोल भरायला मागे फिरलात ते अंतर धरलेलं आहे, आणि मामीची औषधं आणायला आत वळलात तेही. हे दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, "अगं, तुझं यंत्र आत्ताचं. रस्ता जुना, त्याला आमची सवय." यावरचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नाही.

खुंटी तुम्हीच हलवलीत, याबद्दल मला शंका नाही. वाफा तुमचा, फायदा तुमचा, आणि बुडाशी माती दाबून वर पाणीही घातलेलं होतं. (खुंटीला पाणी घालणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.) सरकारी खूण उपटणं हा गुन्हा आहे. साहेबांनी तो अजून नोंदवलेला नाही, कारण घरचं प्रकरण आहे, घरातच मिटवते, असं मी त्यांना सांगितलं आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीला नमस्कार. मी ठीक आहे.

तुमची भाची

ता. क. पाकीट चिकटवणार तोच व्याही ऑफिसात आले. खुंटी त्यांनी उपटली. "मला काय करायचाय तो मध्य? दारात बसगाड्या लागल्या तर माझं गिऱ्हाईक चाक घेऊन उभं कुठं राहणार? ज्यांना हौस आहे त्यांच्या दारात ठोकून आलो," असं ते साहेबांच्या तोंडावर म्हणाले. तेव्हा मध्य आपोआप घरी आला, हे तुमच्यापुरतं खरंच होतं. मी आरोप मागे घेते. मोजणी मागे घेत नाही. (मामी रोज सकाळी वाफ्याला पाणी घालते, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.)

आणखी एक. दगड मध्यावरच बसेल. पण बस दगडाला बांधलेल्या नाहीत. त्यांना सावली, पाणी आणि गाडी वळवायला जागा लागते, आणि ते सगळं तुमच्याकडे आहे. तुम्ही आणि व्याह्यांनी पाहणीच्या वेळी शेजारी उभं राहून तसं सांगितलं, तर अदलाबदल तुमच्याच दारात ठेवायला साहेब आणि बसवाले तयार आहेत. मात्र ताईच्या लग्नाच्या फोटोत मधे कोण उभं राहणार यावरून तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे, आणि बिचारी ताई सासरचे निरोप माहेरी आणि माहेरचे सासरी पोचवून दमली आहे. हा निरोप मी तिच्याकडे देणार नाही. तुम्ही स्वतः त्यांच्या दुकानात जा आणि बोला. ते आधी येणार नाहीत. मी विचारून पाहिलं.

पाहणी शनिवारी आहे. व्याह्यांकडे जाणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.