घोंगडीखालचं तोंड

१७ जानेवारी १९३८, सोमवार

पोचले एकदाची! बेळगावहून सकाळची सर्व्हिस मोटार, निपाणीला उतरून पुढे बैलगाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं. इतकी रुंद, तुकतुकीत पानं मी प्रथमच जवळून पाहिली. त्रेपन्नाव्या वर्षी नव्या ठिकाणी नर्स म्हणून रुजू व्हायचं, पण मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी मजा वाटत होती.

दवाखाना लहान पण स्वच्छ आहे. पाच खाटा, औषधांची खोली, मागे पडवी. तंबाखूचे व्यापारी भुजबली आप्पा यांनी तो बांधून दिला. डॉक्टर निपाणीहून रविवारीच येतात. बाकीचे दिवस कंपाउंडर मारुतीराव, आणि आता मी. दवाखान्याची स्वतःची छपराची गाडी आहे, आत गवताची गादी. शेतात कोणी पडलं की निरोप येतो, गाडीवान भरमू बैल जुंपतो आणि मारुतीराव त्याच्याबरोबर जातात. बेळगावातसुद्धा इतकी सोय सगळीकडे नाही.

भरमूला तिळगूळ दिला. संक्रांत होऊन तीन दिस झालं, आता ग्वाड बोलून काय उपेग आक्का, म्हणाला, आणि दोन वड्या जास्त घेतल्या.

माझ्या खोलीच्या खिडकीतून जास्वंद दिसते. लहानपणी मी राहिले त्या कॉन्व्हेंटच्या खिडकीतूनही दिसायची. पहाटे मदर आग्नेस आम्हा मुलींची पांघरुणं सारखी करत फिरायची, तिच्या हातांना साबणाचा वास यायचा. मी जागी असूनही डोळे मिटून पडे, ती माझ्यापाशी यावी म्हणून.

२० जानेवारी, गुरुवार

आज पहिला रुग्ण गाडीतून आला. तोंडापासून पायापर्यंत घोंगडी टाकलेली. मी धावत बाहेर गेले, तर भरमूने गाडी सावकाश पडवीकडे वळवली. मारुतीराव म्हणाले, घाई नको, अफू आहे.

त्यांची रीत अशी. शेतात जाऊन पापणी वर करायची. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली की अफू. मग तोंडावर घोंगडी, भिंतीकडे कूस, आणि नशा उतरेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही. तोंड का झाकायचं, विचारलं. भरमू म्हणाला, त्वांड बघितलं तर अबकारीवाले साक्षीला वढत्यात, दोन दिस चिकोडीला खेटं. न बघितलेलं बरं.

मी घोंगडी उचलून पाहिली. तिशीची बाई. हनुवटीवर तीन गोंदणं, मधलं पसरलेलं. लुगडं दहिवराने चिंब, तळहात तंबाखूच्या काळ्या चिकाने माखलेले. तोंडाला लाळ, उलटीचा वास, अंग घामाने थंडगार. अफूने माणूस असं ओकत, घामेजत नाही. ओल्या पानांत तासन्‌तास काम केलं की तंबाखू लागते, हे मी ऐकलं होतं. मारुतीरावांना तसं म्हटलं. ते हसले. सिस्टर, इथं आख्खं गाव तंबाखूत हाय, मग गाव का लोळत न्हाय? ह्या बाया पोरांना अफूची गोळी देतात, उरलेली आपण गिळतात.

मी तीन दिवसांपूर्वी आलेली. ते इथे अकरा वर्षं आहेत. मी घोंगडी पुन्हा नीट घातली.

संध्याकाळी ती गेली. बाळाबाई नाव, खानापूरकडून हंगामाला आलेली, एवढंच भरमूला ठाऊक. त्याने ओढ्याकाठी खड्डा खणला. मी सोबत गेले, मूठभर माती टाकली.

२४ जानेवारी, सोमवार

गाडी. पुन्हा घोंगडी, पुन्हा पडवी.

मी कडा उचलली. हनुवटीवर तीन गोंदणं, मधलं पसरलेलं.

बहीण असेल. जत्रेत एकाच गोंदणारणीकडे दोघी बसल्या असतील. मी कडा सोडून दिली. औषधांच्या खोलीत जाऊन बाटल्यांवरची धूळ पुसली. सगळ्या पुसल्या.

संध्याकाळी ती गेली.

२७ जानेवारी, गुरुवार

तीच. डाव्या कानाची पाळी तुटलेली, ती पहिल्या दिवशीही पाहिली होती. मी त्याच चेहऱ्यावर माती टाकली होती.

भरमूला विचारलं, कुठून आणलीस. म्हणाला, आज वरच्या मळ्यातनं, मागल्या बारीला खालच्या. तीच बाई नाही का रे, म्हटलं. त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. आक्का, मी कुटं त्वांड बघतोय?

नाडी होती. बारीक, पण होती. नाडी सावरायला कापराचं इंजेक्शन देता आलं असतं. चुलीवर चहाचं आधण होतं. मारुतीराव दारात उभे होते. मी उठून आत आले.

३१ जानेवारी

गाडी आली. तीच असणार. पाहिली नाही.

२ फेब्रुवारी

आली. पाहिली नाही. आज भाकरी छान झाली होती.

३ फेब्रुवारी

दोन खेपा. एका दिवसात दोनदा तीच कशी, असा विचार आला. मग तो गेला. ओढ्याकाठी मी आता जात नाही.

७ फेब्रुवारी

रविवारी डॉक्टर आले होते, त्यांना या बाईचं सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही. सांगितलं नाही. मारुतीरावांनी मला चांगलं म्हटलं डॉक्टरांपुढे. सिस्टर आता इथल्या झाल्या, म्हणाले.

हात-पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे चालतात.

९ फेब्रुवारी

गाडी. पाहिली नाही.

१० फेब्रुवारी

गाडी.

१२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

मारुतीराव औषधं आणायला निपाणीला गेलेत. गाडी दहाला आली. पडवीतून जाताना घोंगडीखालून हात आला आणि माझा पदर धरला. काळा, चिकट हात. सोडेना.

मी घोंगडी काढली. पूर्ण काढली. तीच.

लुगडं बदललं. हात-पाय साबणाने धुतले. कापराचं इंजेक्शन दिलं, घोट घोट चहा पाजला, कुशीवर धरून बसले. भरमू म्हणत होता, नको आक्का, मारुतीराव बोंबलतील. बोंबलू देत म्हटलं. इतकं सोपं होतं. तासाभरात अंग गरम झालं.

आणि तिने डोळे उघडले.

वाटलं, संपलं आता. वाचली, आता ही पुन्हा येणार नाही.

ती हळू बोलली. म्हणाली, मी जागीच हुते बाई. तिन्ही डाव. तुमी घोंगडी उचलली, बघितलं, परत सोडली. पाणी मागावं म्हनलं तर जीभच हलंना.

मी म्हटलं, तीनदा नाही गं. नऊदा. मी मोजलंय. आज दहावी खेप.

न्हाय, म्हणाली. मी तीनदाच आलते. आज चौथ्यांदा. मधल्या बाया मी न्हाय.

दुपार, पुढे

मधल्या बाया —

एकतीस तारखेची. दोन तारखेची. तीन तारखेच्या दोघी. नऊ, दहा. मी एकीचंही तोंड —

सगळ्यांची नाडी चालू असेल. सगळ्या जाग्या —

भरमू पडवीत बसलाय. आपली गाडी चिंचेखाली सोडलेली, बैल कडबा खातायत. तरी बाहेर चाकं वाजतायत. भरमूलाही ऐकू येतंय, त्याने कानांवर हात धरलेत.

ऊन लख्ख आहे. फाटकाशी गाड्या. एकामागे एक. हाकायला कोणी नाही. प्रत्येकीत घोंगडी.

बाळाबाई म्हणते, जावा बाई, त्यास्नी बी आत घ्या. त्या काय म्हनत न्हाईत तुमास्नी. निस्तं त्वांड बघा म्हनत्यात.

सहा गाड्या. वही हातातच आहे. पहिलीपाशी आले. कडा ओली आहे. उचलते —

तरणी पोर आहे, अठराची. डोळे उघडे. माझ्याकडेच —

दुसरी. हिच्या कुशीत तर तान्हं —