त्याच्यासाठी कडू थोडं जास्त

३ मार्च, मंगळवार

ही आज कामावरून आली ती नारिंगी ओठ घेऊन! विचारलं तर म्हणे, "अहो, आमच्या कॅशिअरबाईंचा निरोप समारंभ होता. डोळे तपासणाऱ्यांनी सगळ्यांना ते इटालियन पेय करून दिलं. स्प्रिट्झ! इतकं सुंदर करतात ना ते!"

डोळे तपासणारे म्हणजे हिच्या चष्म्याच्या दुकानातला नवा माणूस. मी त्याला डोळेवाला म्हणतो. चाळिशीचा, केस अजून सगळे जागेवर. शिकत असताना म्हणे दोन वर्षं इटलीत बारमध्ये कामाला होता. हे मला इतक्यांदा ऐकवलंय की त्या बारचा पत्ता तेवढा कळायचा राहिलाय.

जेवताना पुन्हा तेच. ग्लास कसा तिरका धरतात, सोडा कसा कडेने सोडतात — "एक बुडबुडा वाया जाऊ देत नाहीत!" मी म्हटलं, मी आयुष्यभर बुडबुडेच मारत आलोय, माझं कोणी कौतुक केलं नाही. ही हसली. माझ्या विनोदाला हसली की त्याच्या आठवणीने, कळलं नाही.

जेवणानंतर संत्रं सोललं. फोडी हिला दिल्या, सालीचा पांढरा भाग मी खाल्ला. नेहमीप्रमाणे. हिचं लक्ष नव्हतं.

४ मार्च, बुधवार

दिवसभर कवळ्या. तीन वरच्या, एक खालची. डॉक्टरांकडून जबड्याच्या मापाचा ठसा येतो, त्यात मी प्लास्टर ओततो आणि मशीनवर ठेवून हलवतो, म्हणजे आतली हवा निघून जाते. एक बुडबुडा राहिला तरी साच्याला खड्डा पडतो आणि कवळीवर मोहरीएवढा दाणा उठतो. मग बसा सुरीने खरवडत. नाही खरवडला तर म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला टोचणार. तीस वर्षं हेच काम. त्यात मिरवण्यासारखं काही नाही हे मान्य.

६ मार्च, शुक्रवार



चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून हिच्या पर्समधली डबी उघडली. त्यात ती बारीक पेचकस ठेवते. डबीत पेचकसाखाली चिठ्ठी. हिचंच अक्षर. शब्द न् शब्द उतरवून ठेवतो —

"तीन भाग फसफसती वाइन, दोन भाग कडू, एक भाग सोडा. बर्फ आधी. सोडा शेवटी, कडेने. त्याच्यासाठी कडू थोडं जास्त. त्याच्यासमोर करायचं नाही, तो मध्ये बोलतो. शनिवार १४."

त्याच्यासाठी!

स्क्रू तसाच ढिला राहिला.

७ मार्च, शनिवार

चिठ्ठी जागेवर ठेवली आहे. मी चोर नाही.

पण शांत डोक्याने विचार केला. चोवीस वर्षं झाली लग्नाला. मी हिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. पहिल्याच आठवड्यात आई हिला म्हणाली होती, "नवऱ्याला अहोच म्हणायचं हो, अरेतुरे मला खपायचं नाही." तेव्हापासून मी अहो. बहिणीशी फोनवर बोलताना मी "हे". शेजाऱ्यांपुढे मी "घरी आहेत". आई गेल्यावर मीच एकदा म्हटलं होतं, आता नको म्हणूस अहो, हवं तर. "सवय झाली," म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

म्हणजे हिच्या तोंडी मी कधी "तो" झालोच नाही. एकदासुद्धा! आणि डोळेवाला? माझ्यासमोर "ते करतात, ते म्हणतात", आणि कागदावर तो! वर त्याला कडू किती लागतं तेही पाठ.

मला काय लागतं हे विचारा म्हणावं हिला. सांगता यायचं नाही.

९ मार्च, सोमवार

डोळे तपासून घ्यायला गेलो. हिची सोमवारी सुट्टी असते, म्हणून मुद्दाम आजच.

अंधाऱ्या खोलीत त्याने मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती लोखंडी जड चौकट चढवली आणि स्वतःचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर आणला. लवंग चघळली होती. "हे स्पष्ट दिसतंय की हे? पहिलं की दुसरं?" मनात म्हटलं, मला सगळं स्पष्ट दिसतंय रे बाबा. तोंडाने "दुसरं" म्हणालो. त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं मी.

निघताना हात पुढे करून म्हणतो कसा, "सर, मॅडमना फार छान जमायला लागलंय. शनिवारी मजा आहे!"

माझ्या तोंडावर! तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात मिळवला. बरा दाबला.

नंबर वाढलाय म्हणे. वाढणारच.

१० मार्च, मंगळवार

ठरवलं. त्याला जे येतं ते मला येणार नाही असं थोडंच आहे! तीन, दोन, एक — यात आहे काय? आमच्या प्लास्टरला शंभराला तीस पाणी अगदी काटेकोर लागतं, ते तीस वर्षं चुकलेलं नाही.

फसफसती वाइन आणली, ती नारिंगी कडू दारू आणली, सोडा, संत्री. सगळं कारखान्यातल्या मेण ठेवायच्या कपाटात, म्हणजे आमच्याच घराच्या मागच्या खोलीत. ही तिथे येत नाही, मेणाच्या वासाने डोकं दुखतं म्हणते.

पहिला प्रयत्न. सगळं बरणीत घातलं, झाकण लावलं आणि घट्ट धरून हलवलं. सिनेमात बघितलंय तसं.

झाकण कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. छताला नारिंगी डाग. वरच्या तीन कवळ्या धुऊन काढल्या.

११ मार्च, बुधवार

दुसरा प्रयत्न. आज हलवलं नाही. मापाच्या नळीने मोजून ओतलं. बर्फ, वाइन, कडू, मग सोडा, कडेने. सुंदर रंग! वरपर्यंत बारीक बारीक बुडबुडे चढत होते. मी बघत राहिलो — आणि हाताने सवयीने ग्लास उचलला, मशीनवर ठेवला, बटण दाबलं.

अर्धं मिनिट. एक बुडबुडा शिल्लक नाही! हवा पार काढून टाकली मी. वर सुरीने काठसुद्धा निपटणार होतो, तेव्हा भानावर आलो.

तसंच प्यायलो. सपाट, गोडसर. मला वाटलं होतं कडू असेल. कडू आणखी घातलं, तेव्हा कुठे बरं लागलं.

मग खूप वेळ स्टुलावर बसून राहिलो. वाटलं, हिचंही असंच केलं का मी? चोवीस वर्षं? लग्नात ही किती बडबडी होती.

१२ मार्च, गुरुवार

चहा देताना ही म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी तुम्ही काय करताय?"

आलं! मैदान मोकळं आहे का, हे बघायचंय. मी वर न बघता म्हटलं, "काम आहे. उशीर होईल. डॉक्टरांकडे जायचंय, आठ तरी वाजतील."

"बरं," म्हणाली. चेहरा वळवला. सुटल्यासारखा चेहरा होता. मला तरी तसा दिसला.

मी सहाला येणार.

१४ मार्च, शनिवार

जे झालं ते झालं तसंच लिहितो, म्हणजे पुढे कधी स्वतःला सूट द्यायला नको.

पावणेसहाला दार उघडलं, आवाज न करता. बाल्कनीत छोटं टेबल. फुगीर पोटाचे दोन मोठे ग्लास, नवे. संत्र्याच्या चकत्या, तिखट शेंगदाणे, बशीत हिरवे ऑलिव्ह. हिने तो निळा ड्रेस घातला होता जो मला आवडतो. ग्लासात बर्फ होता आणि ही बाटली तिरकी धरून ओठ दाबून ओतत होती. जीभ थोडी बाहेर. सुईत दोरा ओवताना करते तशी.

"कोण येणार आहे?"

दचकली. सांडलं नाही मात्र.

"तुम्ही."

"मला तर आठ वाजणार होते."

"तुम्हाला आठवड्यातून तीनदा आठ वाजणार असतात, आणि तुम्ही सहाला घरात असता," ही म्हणाली. हसत होती अजून. "पण अहो, पाच मिनिटं आत जा ना. पुरतं होऊ दे."

आणि मी! मी खिशातून कागद काढला. चिठ्ठीची नक्कल केली होती मी. माझ्या अक्षरात, डॉक्टरांच्या पावतीच्या मागे. वाचून दाखवली. मोठ्याने, वकिलासारखी. "'त्याच्यासाठी कडू थोडं जास्त.' हा तो कोण? तुझा डोळेवाला ना? त्याला बोलव की मग! मी कशाला मध्ये?"

हिने बाटली खाली ठेवली, झाकण लावलं. मग आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तर कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ही एक पिशवी घेऊन आली. त्यात वह्या. बाजाराच्या याद्या, पाककृती, शिवणाची मापं, सगळं एकत्र. वर्षानुवर्षांच्या.

एक वही उघडून माझ्यापुढे धरली. पानं पिवळी. "त्याच्यासाठी लोकरीचे मोजे, पाय गार पडतात." दुसरी. "तो आज डॉक्टरांशी भांडला, जेवणात गोड कर." तिसरी. "संत्री, साल जाड बघून घेणे. तो पांढरं खातो."



"तोंडाने तुम्हाला अहो म्हटलं," ही म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं म्हणून. मनात कधी नाही म्हटलं. पहिल्या दिवसापासून नाही. तेवढं एक माझं होतं."

"मग सांगायचं होतंस—"

"बघा. मध्ये बोलता."

मग म्हणाली, "डोळे तपासणाऱ्यांना मी काय सांगितलं माहितीये? मला घरच्या माणसाला एकदा चकित करायचंय, म्हणून शिकवा. रोज जेवायच्या सुट्टीत शिकवलं हो त्यांनी. सोड्यावर सोडा वाया घालवला मी." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

दोन्ही ग्लास बेसिनमध्ये ओतले तिने. फेस बराच वेळ बसत नव्हता.

१५ मार्च, रविवार

ही अगदी नीट बोलते आहे. त्याचीच भीती वाटते.

१७ मार्च, मंगळवार

माफी मागितली. सरळ, आडवळण न घेता. म्हटलं, मी जळलो. त्याच्या केसांवर, त्याच्या इटलीवर, तुझ्या हसण्यावर. माझी अक्कल गहाण पडली होती.

"जाऊ दे," म्हणाली. "होतं असं."

मी म्हटलं, आता मला खुशाल अरे म्हण. तोंडावर म्हण. चारचौघांत म्हण!

ही कपडे घडी घालत होती. माझा शर्ट हातात तसाच धरून थांबली क्षणभर. "आता कसं म्हणू?" म्हणाली. "तुम्ही मागून घेतल्यासारखं होईल."

गंमत बघा. त्या डोळेवाल्यावर मी आठ दिवस जळलो. आता जळतोय तो त्या वह्यांमधल्या माणसावर. जाड सालीची संत्री मिळत होती त्याला. आणि लेकाच्याला पत्ताच नव्हता!

२१ मार्च, शनिवार

आज मी केलं. हिच्यासाठी, हिच्यासमोर, तोंड बंद ठेवून. बर्फ, तीन, दोन, एक. सोडा शेवटी, कडेने. मशीनच्या खोलीचं दार बाहेरून कडी लावून बंद केलं होतं, हाताचा भरवसा नाही म्हणून.

छताच्या डागाची आणि मशीनची गोष्ट सांगितली. ही हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एक घोट घेतला.

"छान झालंय," म्हणाली. "अगदी मापात."

पूर्ण ग्लास संपवला. शेवटची चकती माझ्या ग्लासात टाकली, सालीसकट. मला वाटतं, सुटलो.

२२ मार्च, रविवार

ही बहिणीकडे गेली आहे. जेवणाच्या टेबलावर वही उघडी होती, कालच्या तारखेचं पान. "सोडा. ऑलिव्ह. संत्री. त्यांच्यासाठी कडू थोडं जास्त."

त्यांच्यासाठी. डोळे तपासणारे ते, डॉक्टर ते, तसा मीही.

आधी वाटलं, 'त्या'वर शाईचा ठिपका पडला असेल. खिडकीशी नेऊन नव्या चष्म्याने बघितलं. मग नखाने हळूच खरवडून पाहिलं, दाणा काढतात तसं. निघाला नाही.