उत्तरं जुळली

९ मार्च, रविवार

ती. जाऊबाई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे ताप-खोकला कुणाला नाही. तुमचे गुडघे काय म्हणतात? चिमीची परीक्षा आटोपली असेल. आमच्या गुंड्याने परवा शाळेत एकाचं नाक फोडलं. सासऱ्यांच्या वळणावर गेलाय, दुसरं काय.

फोन असताना ही पत्र का खरडत बसली, असं वाटेल तुम्हाला. तुमचा फोन सदा चिमीच्या हातात, आणि स्पीकर लावल्याशिवाय तिला बोलवत नाही. हे पत्र तुम्ही एकटीने वाचा.

नागरिकत्वाचं काय झालं ते सांगते, पण मला क्रमाने सांगू द्या. इथे कुलूपवाल्याला परवाना लागतो आणि तो फक्त नागरिकालाच मिळतो. लोकांच्या घरांच्या किल्ल्या परक्याच्या हाती द्यायच्या कशा, असं सरकारचं म्हणणं. म्हणून इतकी वर्षं किल्ल्या घासल्या यांनी आणि पाटीवर नाव म्हाताऱ्या मालकाचं. मालक आता थकलाय, लेकीकडे जाऊन राहायचं म्हणतो. दुकान यांनाच द्यायचं त्याच्या मनात आहे, पण महिनाअखेरपर्यंत परवाना हाती नसेल तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. नवा मालक यांना ठेवेल याची खात्री काय?

मुलाखतीला आम्ही दोघं गेलो. यांनी ठेवणीतला शर्ट काढला होता. साहेबीण तरुण होती, बोलायला गोड. इथले कायदे विचारले, ते यांनी पोपटासारखे म्हणून दाखवले. मग तिने सहज विचारलं, "मुलं किती?"

हे म्हणाले, "दोन."

मी टेबलाखालून चिमटा काढला. साहेबिणीने अर्ज पाहिला. "इथे एकच लिहिलंय."

"मुलगी गावी आहे. वहिनींजवळ."

"म्हणजे ती तुमची मुलगी?"

"मोठ्या भावाची. म्हणजे आमचीच की."

तिचा चेहराच बदलला. तिला बिचारीला काय ठाऊक, भाऊजी गेले तेव्हा सगळ्या माणसांसमोर यांनी चिमीला मांडीवर घेतलं आणि "आजपासून ही माझी" म्हणाले ते! तिला एवढंच दिसलं की हा माणूस एक मूल लपवतोय. तिने अर्ज बाजूला ठेवला आणि पुन्हा बोलावलं, तेही दोघांना वेगवेगळ्या खोलीत.

अर्ज भरून देणारा आमच्यावर डाफरलाच. म्हणाला, "आता एकच मूल सांगा. ती आमची मुलगी नाही, असं स्वच्छ सांगा. पण एकदा ते नोंदलं गेलं की तिला मुलगी म्हणून इकडे आणायचं विसरा." कायद्याने दत्तक घेतली असती तर गोष्ट वेगळी, असंही म्हणाला. आपल्याला कधी सुचलं का हो ते? घरातल्या घरात कोण कागद करतं!

तुमचा-आमचा बेत काय होता, ते मी लिहायला नको. चिमीने तर इथे आल्यावर कुठल्या खिडकीपाशी झोपायचं तेही ठरवून ठेवलंय.

घरात आठवडाभर धुसफूस. मी दुकान म्हणायचे, हे चिमी म्हणायचे. "दादाच्या हाताखाली धंदा शिकलो," ओरडले माझ्यावर, "त्याच्या कानशीने किल्ल्या घासून पोट भरतो, आणि त्याच्याच पोरीला नाही म्हणू? दुकान गेलं चुलीत!" मी म्हटलं, चुलीत गेलं तर चुलीवर काय ठेवायचं तेही सांगा. ते ताटावरून उठून गेले. लग्नानंतर पहिल्यांदा.

गुरुवारी गेलो. मला डावीकडच्या खोलीत नेलं, यांना उजवीकडच्या. माझ्यासमोर तीच साहेबीण. खोलीत घड्याळ नव्हतं, खिडकी नव्हती. तळव्यांना असा घाम की पदराला पुसून पुसून पदर ओला झाला.

"मुलं किती?"

"एक."

"आणि ती मुलगी? ती तुमची नाही?"

जाऊबाई, मी "नाही" म्हटलं. ऐकू गेलं नाही म्हणून तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. हे तिकडे हट्टाने "हो" म्हणणार हे मी धरूनच चालले होते. वाटलं, दोघांपैकी एकाने तरी शहाणं व्हावं. आणि खरं सांगू? हेही वाटलं की वाईट व्हायचं तर मीच होईन, मी बोलूनचालून सून. चिमीला सांगायला यांचं तोंड तरी राहील.

नंतर आम्हाला बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसवलं. खूप वेळाने साहेबीण आली, हसत. "दोघांची उत्तरं जुळली," म्हणाली. "आता काही अडचण नाही. अभिनंदन."

मी यांच्याकडे पाहिलं. हे बुटांकडे बघत होते.

घरी आल्यावर गुंड्याने विचारलं, झालं का? हे "झालं" म्हणाले आणि नळ सोडून कितीतरी वेळ हात धूत बसले. शपथ पुढच्या सोमवारी आहे. परवान्याचा अर्ज मालकाने लगेच भरून घेतला.

त्याच संध्याकाळी चिमीचा फोन आला होता, आठवतं ना? तुम्ही शेजारीच होता. "काका, साहेबाने माझं विचारलं का?" तर हे म्हणाले, "विचारलं ना. मुलं किती म्हणाली, मी म्हटलं दोन." कशी किंचाळली होती आनंदाने! तुम्हीही हसलात.

हे खोटं बोलले नाहीत, जाऊबाई. पहिल्या वेळी तसंच म्हणाले होते. दुसऱ्या वेळचं सांगायला त्यांची जीभ उचलत नाही, म्हणून मी लिहितेय. चिमीला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण खिडकीच्या गोष्टी तिला फार करू देऊ नका. आणि सांगाल तेव्हा माझं "नाही" आधी सांगा.

दर पत्राखाली तिच्यासाठी "धाकटी आई" अशी सही करते. आज पेन टेकवलं आणि उचललं. ती मला काय म्हणेल, ते कळेपर्यंत नुसतीच,

तुमची जाऊ