पितरांचं लिक्विड डाएट

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षक दिन. सत्काराला नाव पुकारलं. उठलो तर खुर्चीही उठली. प्लॅस्टिकची, हातांची. दोन शिपायांनी मागून ओढून वेगळी केली. नववी 'ब' हसली नाही. संस्कृतच्या तासाला इतकी शांतता मला कधी लाभली नव्हती. हसले असते तर बरं झालं असतं.
निर्णय: वजनाचं ऑपरेशन. दोन महिने 'बघू' चाललं होतं. आता बघणं संपलं.

६ सप्टेंबर, शनिवार
हॉस्पिटल. संध्या सोबत. पत्नीधर्म कमी, पहारा जास्त.
सर्जन म्हणाले, बाकी तपासण्या ठीक, जठर कापून केळ्याएवढं करू. फक्त जुनी ॲसिडिटी असेल तर हे ऑपरेशन नको, त्रास वाढतो. मग दुसरं, मोठं. आणि आधी तोंडातून दुर्बीण घालून बघायचं.
तिथली डाएटिशियन म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची वैष्णवी. माझा मित्र हिरामण गेला, त्याची एकुलती एक मुलगी. तिने विचारलं, काका, जळजळ, आंबट ढेकर असं काही? संध्या पाण्याची बाटली आणायला गेली होती. म्हटलं, मला? छे. दुर्बीण तर गेल्याच वर्षी झाली, नॉर्मल होती, रिपोर्ट शोधून देतो. तिने वरही न बघता लिहून घेतलं. खरं बोलण्याच्या महतीचं सुभाषित सातवीत मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिला ते अजून पाठ असणार, म्हणून हा विश्वास.
नोंद: हे खोटं नव्हे. जळजळ नऊ वर्षं आहे. एवढं टिकलं की आजार राहत नाही, स्वभाव होतो. इगतपुरीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की जठराची झडप सैल आहे. (नाशकात कुणाला कळू नये म्हणून इगतपुरी.) असेना सैल. दार नीट लागत नाही म्हणून कुणी घर सोडतं का? गुलाबी औषध शाळेत खडूच्या खोक्यात, जळजळीच्या पुड्या खिशात, रात्री तीन उशा. संध्याला सांगितलंय, पाठीसाठी.
तारीख: सर्जन म्हणाले, लवकर करू. मी मनात पंचांग चाळलं. पितृपक्षात अंगाला शस्त्र लावून घ्यायचं नाही. नवरात्रातली २४ तारीख पक्की केली. आधी दोन आठवडे लिक्विड डाएट. नियोजन असं लागतं.

८ सप्टेंबर, सोमवार, प्रतिपदा
नियोजन चुकलं. लिक्विडचा पंधरवडा आणि पितरांचा पंधरवडा एकच निघाला.
गेलेल्या माणसाच्या जागी पाटावर बसून जेवणं यात कॉलनीत माझा हात धरणारा नाही. किडकिडीत माणूस बसवला तर पितर अर्धपोटी जातात, अशी इथली समजूत. शास्त्राधार नाही. मी ती कधी खोडूनही काढली नाही. यंदा पाच घरची आमंत्रणं. चार नाकारली. पाचवं दशमीचं, वैष्णवीच्या आईकडचं, चतुरावहिनींकडचं. हिरामणचं पहिलं पित्र. एकलहऱ्याच्या वीज प्लांटमधून सुटला की रोज आधी वर माझ्याच घरी टेकायचा. त्याच्या जागी दुसरा कोण बसणार?

१० सप्टेंबर
ताक. डाळीचं पाणी. प्रोटीन पावडर, चवीला ओला डिस्टेंपर. दुपारी विचार केला: कढी हे द्रव आहे. गोळा कढीत बुडालेला असतो, म्हणजे तोही तत्त्वतः द्रवच. संध्याला तत्त्व पटलं नाही.

१३ सप्टेंबर
वजन अर्धा किलो वाढलं. काटा जुना आहे. (शाळेच्या गेटवरच्या समोशाचा याच्याशी संबंध जोडू नये. एकच होता. दुसरा सहकाऱ्याचा.)

१५ सप्टेंबर
वैष्णवी जिन्यात भेटली. म्हणाली, काका, उद्या नुसती खीर चाखा, आईला मी सांभाळते. म्हटलं, अगं अर्थात. ठरलं: खीर दोन चमचे. लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार, दशमी. संध्याकाळ
आज काही लिहायचं नाही.

लिहितो.
मुलगा नाही म्हणून पाय वैष्णवीने धुतले. डाएटिशियनने पेशंटचे. वर बघून डोळ्यांनी पुन्हा सांगितलं: खीर. वहिनींनी हिरामणची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मग पान आलं. कढी, वडे, गवार, भोपळा, अळू, खीर, आणि त्याला आवडायची म्हणून वांग्याची भजी, वर ठेचा. वहिनी समोर उभ्या. हिरामण गेल्यापासून त्यांच्या तोंडावर हसू मी आजच पाहिलं. अशा वेळी दोन चमचे खीर खाणं हा अधर्म आहे. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वडे नऊ.
शेवटी वहिनींनी हात जोडून विचारलं, तृप्त झाले का?
'तृप्त' म्हणायला तोंड उघडलं. शब्दाऐवजी सगळं जेवण परत आलं. पानावर, पाटावर, डोक्यावरून खाली पडलेल्या हिरामणच्या टोपीवर.
संध्याने पंचा दिला. वहिनींनी टोपी उचलली, मोरीत नेली. नळाच्या आवाजात त्यांचं एवढंच ऐकू आलं: "माझ्या हातचं नाय घेतलं त्यांनी."

१७ सप्टेंबर
रजा टाकली. विचारांती कारण सापडलं: तेल. भज्यांचं तेल बहुधा एकदा वापरलेलं असावं.
ही ओळ खोडायला हवी.

१९ सप्टेंबर
संध्या खालून आली. म्हणाली, वहिनी जेवत नाहीत. फोटोपुढे बसून विचारतात, माझं काय चुकलं. अमावस्येला पुन्हा सगळं रांधणार आहेत, त्याच्यासाठी दुसरा माणूस शोधतायत.
मी बाधलं असेल म्हणालो. संध्या म्हणाली, तुम्हाला? नऊ वड्यांनी? माझी कीर्ती अशी आडवी आली.
उपाय: ऑपरेशन होऊ दे, मग सावकाश खरं सांगू. पाचच दिवस. आता सांगितलं तर वैष्णवीला कळणार, सर्जनला कळणार, ऑपरेशन गेलं. खुर्ची मात्र राहणार. वहिनी समजूतदार आहेत. पाच दिवस काढतील.

२० सप्टेंबर, शनिवार
शाळेतून परत येताना वहिनी किराण्याच्या दुकानात दिसल्या. दुकानदाराला सांगत होत्या, नवं तेल दे, सीलबंद, मागच्या वेळी माझंच तेल खराब असंल.
त्यांच्या मागोमाग घरात गेलो. वैष्णवी होती. संध्यालाही वरून हाक मारली. एकदाच सांगून व्हावं. खिशातली पुडी काढून फोटोपुढे ठेवली. म्हटलं, वहिनी, हिरामणने तुमच्या हातचं घेतलं. परत मी केलं. माझं पोट नऊ वर्षं असंच आहे. तेल चांगलं होतं.
संध्या म्हणाली, "तीन उशा." एवढंच.
वहिनींनी पुडी हातात घेऊन फिरवली. "यांच्या प्यांटीतबी हेच निघायचं. इचारलं तर म्हणायचे, कपड्याचा सोडा हाय. मी अडाणी, भांडी घासली त्यानं. मग एक दिस रक्ताचीच उलटी झाली." पुडी परत माझ्या हातावर ठेवली. "भाऊजी, तुम्ही निदान बोललात."
मी काय बोललो होतो? त्यांचं स्वतःला बोल लावणं मी चार दिवस वरच्या मजल्यावरून ऐकत होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार
आज ऑपरेशन व्हायचं होतं.
परवा दुर्बीण झाली. सर्जननी स्क्रीन संध्याकडे वळवली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला माझं अंतरंग प्रथमच दिसलं. पसंत पडलं नाही. झडप फारच सैल, अन्ननलिकेत जखमा. आधी तीन महिने औषधं, मग पुन्हा दुर्बीण, मग जमलं तर ते दुसरं ऑपरेशन. माझ्या मनातलं केलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी ऐकत नव्हतो. वैष्णवी जुन्या नोंदीवर रेघ मारत होती, तिकडे बघत होतो. म्हटलं, गेल्या वर्षीचा रिपोर्ट काही सापडला नाही बरं का. म्हणाली, "असू द्या काका." हसली नाही, अगदी नववी 'ब'सारखी.
वजन: एक किलो जास्त. काटा हॉस्पिटलचा.
दुपारी वहिनी दारात. अमावस्येला दुसरा माणूस बसवलाच नव्हता. म्हणाल्या, त्यांचं राहिलेलं तुम्हीच संपवायचं. वाटीत तांदळाची पेज, चिमूटभर मीठ. शेवटी शेवटी हिरामणला एवढंच पचायचं. मी खाल्ली. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या, रिकामी वाटी न्यायला. मग हात जोडले.
"तृप्त झाले का?"
तोंड उघडलं. या खेपेला फक्त शब्द आला. म्हटलं, तृप्त.
खोटं. अजून दोन वाट्या सहज गेल्या असत्या.