पेटीतली एकवीस हत्यारं

४ फेब्रुवारी

पटाशी मिळाली! रुंद, दीड इंची. मुठीवर बाबांची खूण — तापल्या खिळ्यानं डागलेल्या तीन रेघा आणि एक टिंब. जुन्या बाजारात, त्या भंगारवाल्याच्या टोपलीत, फुटक्या नळांच्या खाली.

"कुणी आणली?"

"एक दाढीवाला. झाले तीन-चार दिवस."

दाढी वाढवलीय म्हणजे. धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला आज सात महिने अकरा दिवस. तीन-चार दिवसांपूर्वी तो या दुकानात उभा होता. जिवंत!

जाताना बाबांची सुताराची पेटी घेऊन गेला. एकवीस हत्यारं. त्यातली निम्मी बाबांच्याही उस्तादाची, शंभरेक वर्षांची. बाबा गेल्यावर तीच वापरून पोट भरायचा. आता एकेक विकतोय.

आईला सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

दवाखान्यातून दात खरवडायची टाकाऊ हत्यारं आणली. डॉक्टर म्हणाले, "घरी कुणाचे दात काढताय?" बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढली. गंज काय आणि कीटण काय, हळूहळूच काढावं लागतं. घाई केली की खालचं चांगलंही जातं.

दगडावर पातं घासत बसले. आतून आई ओरडली — "आला का गं तो? धार लावतोय का?"

"मी आहे, आई."

"तुला कुठं येतंय!"

पलंगावरून उठता येत नाही, पण कान तिखट आहेत अजून.

१९ फेब्रुवारी

काटकोन बघायचा गुण्या आणि भोकं पाडायचं गिरमिट. एकाच दिवशी दोन! भंगारवाल्याला हात जोडून सांगितलं — तो परत आला की बसवून ठेवा. म्हणावं, ताई शोधतेय.

२६ फेब्रुवारी

तो आला होता. भंगारवाल्यानं निरोप दिला. "ऐकलं, आणि पिशवी न उघडताच मागं फिरला, बाई."

१७ मार्च

तीन आठवडे झाले. काही नाही. रोज दवाखाना सुटला की बाजार. भंगारवाला मला लांबून बघूनच मान हलवतो.

कशाला येईल? ताई म्हटल्यावर पळणारच. दारूच्या नशेत एका गिऱ्हाइकाचा दरवाजा बोटभर आखूड कापला त्यानं. नवाकोरा सागवानी दरवाजा. गिऱ्हाईक घरी येऊन तमाशा करत होतं, शेजारीपाजारी जमले होते, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले — बाबांच्या हत्यारांना हात लावायची तुझी लायकी नाही.

उलट बोलला असता तर बरं झालं असतं. खाली मान घालून पेटीवर बसून राहिला. सकाळी पेटी नव्हती, तोही नव्हता.

इथं लिहून तरी काय होणार आहे.

२१ मार्च

भंगारवाल्याला सांगितलं, माझं नाव काढू नका. मी एक गिऱ्हाईक. जुनी हत्यारं जमवायचा नाद आहे, बस्स.

"बरं," म्हणाला. "तुमचं तुम्हाला ठाऊक."

२ एप्रिल

युक्ती चालली! छोटी करवत. परवाच आली. दात इतके सरळ, की डॉक्टरांना दाखवावेत.

९ एप्रिल

दोन पटाश्या आणि लाकडावर रेघ आखायचं खतकस. चांगली ओल्या फडक्यात गुंडाळलेली — तेलानं ओल्या. भंगारवाला द्यायला काचकूच करत होता. "आत्ताच आलंय बाई, राहू दे की महिनाभर. पुढच्या महिन्यात या." भाव वाढवायचा असणार! त्यात तो हॉटेलवाला फिरतोय, भिंतीवर टांगायला जुनी हत्यारं गोळा करत. बाबांची पटाशी लोकांच्या डोक्यावर शोभेला? मी दुकानातून हललेच नाही. शेवटी दिलीन.

मधे सुटी सुटी आलेली सात धरून आता चौदा झाली. घरी येऊन टेबलावर ओळीनं मांडली. खरं लिहायचं तर — मला आनंद झाला. तो विकतोय याचाच आनंद! अशी कशी मी?

२० एप्रिल

रंधा! मोठा रंधा आला. उस्तादाचा. हा तो विकणार नाही असं मला वाटायचं.

तोंडात लाकडाची ढलपी अडकली होती, पातळ, वळलेली. नाकाला लावली. ताजा वास! पात्याला अशी धार, की अंगठा लावायची हिंमत होईना. विकायच्या हत्याराला इतकी धार कोण लावतं? सवय असेल. बाबांनी मारून मारून लावलेली सवय.

२३ एप्रिल

तीन दिवस खपून रंधा घासला. काळा पडला होता, पॉलिश कागदानं पार उजळला. तेल पाजलं. नवा दिसायला लागला! आता लपवायचं कशाला, म्हणून आईच्या हातात दिला.

तिनं दोन्ही हातांनी चाचपला. उजवीकडे पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला.

"हा यांचा नाही."

"आई, खूण बघ ना — तीन रेघा."

"खुणेचं काय घेऊन बसलीस! इथं खळगा होता. उस्तादाच्या अंगठ्याचा. यांचा अंगठा त्यातच बसायचा, पोराचाही." परत केला. "कुणाचा तरी घेऊन आलीस."

खळगा मीच घासून सपाट केला. मला वाटलं, लाकूड झिजलंय.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

२४ एप्रिल

पॉलिश कागद फेकून दिला. आता फक्त गंज काढायचा. हाताच्या मळाला शिवायचं नाही.

३० एप्रिल

ठोकायची मोगरी आणि कानस. भंगारवाला आज फार कुरकुरला. "एवढी घाई काय बाई? लाकडाला पाय फुटतात का?" दुप्पट देते म्हणाले तेव्हा उठला. माझ्याकडे मात्र बघेना.

सतरा.

३ मे

राहिली चार. लाकूड तासायला वाकस, मोठी करवत, छोटा रंधा, भोकं पाडायला सामता. ती संपली की पुढं काय? मग तो बाजारात कशाला येईल? आहे की नाही हे मला कुणाकडून कळणार? देवा, हळूहळू विकू दे त्याला.

काय मागतेय मी!

५ मे

आई जेवली नाही. "तो आला की जेवीन."

८ मे

ठरलं. उद्यापासून लपवाछपवी बंद. दुकानासमोर स्टूल टाकून बसणार, दवाखान्यात रजा टाकलीय. पळाला तर मागून पळेन. गुडघे गेले खड्ड्यात! म्हणेन, चुकले. घरी चल. सगळी हत्यारं जपून ठेवलीत तुझी.

९ मे

तो काल येऊन गेला.

"विकायला नव्हता आला, बाई. सोडवायला. तो विकत नव्हताच कधी, गहाण ठेवून जायचा. काम नसलं की ठेवायचा, काम मिळालं की न्यायला यायचा — आणि दर वेळी तुम्ही नेलेलं असायचं. मी तरी किती थापा मारणार? काल मोठं काम मिळालं होतं त्याला. शाळेचे दरवाजे. शुद्धीवर होता, दाढी केली होती. म्हणाला, निदान रंधा तरी दे."

"मग?"

"म्हटलं, नाही. एक बाई सगळं घेऊन जाते. मग पायरीवर बसला. बराच वेळ. उरलेली चार माझ्यापुढं ठेवली — म्हणाला, हीपण त्या बाईलाच दे."